दिग्रसच्या बस स्टँडवरचं जहाज

तो फ्लेक्स मीच लावला होता. गावात आता कोणी म्हणते रोशननं लावला, कोणी म्हणते जयंती कमिटीनं लावला. नाही बाप्पा. खर्च माहा, मजकूर माहा, फोटो माह्या मोबाइलातला. रोशननं फक्त छापून देल्ला. मी उकंडा मनवर, वय अडुसष्ट, दिग्रसच्या जिनिंगमधी एकतीस वर्षं कामाले होतो. जनमभर सरकी वेगळी अन् रुई वेगळी कराचं काम केलं. पण काय बोलाचं अन् काय पोटात ठेवाचं, हे वेगळं कराले काही मले जमलं नाही.

माहा एकच पोरगा, संघदीप. सतरा वर्षं फौजेत होता, हवालदार होऊन घरी आला. मंग यवतमाळले एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राह्यला, वर्षभर. लोकं त्याले म्हणत, "ए वॉचमन, ते गाडी सरकव." सियाचीनच्या बर्फात उभा राह्यलेला माणूस, अन् इथं दिवसभर लोकाईच्या स्कुट्या सरकवे. त्या वर्षी तो घरात कोणासोबत धड बोलला नाही. जेवणाचं ताट समोर ठेवलं तं जेवे, नाही ठेवलं तं मांगत नव्हता.

मंग पलटणीतल्या एका दोस्तानं त्याले मुंबईच्या एका कंपनीचा पत्ता देल्ला. ही कंपनी माजी फौजी गोळा करते अन् जहाजावर पाठवते, समुद्रातल्या लुटारूईपासून जहाजाची राखण कराले. चार-चार जणाची टीम राह्यते. श्रीलंकेत चढाचं, आफ्रिकेत उतराचं, विमानानं वापस याचं. थोडी सुट्टी, मंग पुन्हा दुसरं जहाज.

मले तं पहिले विश्वासच बसला नाही. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात समुद्र कुठून आणता? मोठं पाणी म्हणजे अरुणावतीचं धरण, ते बी मे महिन्यात अर्धं होते. मी त्याले म्हणलं, "अबे, समुद्रात चोर येते कसा?"

"लहान होडीनं येते बाबा. दुरून पाहाचं. होडीत जाळं असन तं ते मासे पकडणारे. शिडी असन तं लुटारू. मासोळी पकडाले शिडी कायले लागते?"

"मंग तू गोळी मारतं?"

"नाही. बंदूक दोन्ही हातानं डोक्याच्या वर धराची अन् दाखवाची. नुसती दाखवाची. बहुतेक जण तेवढ्यावरच वापस फिरतात."

हे सांगताना त्याच्या तोंडावर जे तेज होतं नं, ते मी बँकेच्या दारात एक दिवस बी पाह्यलं नव्हतं. मले तेव्हाच समजलं का आता हा गेला. घरचा राह्यला नाही.

माही बायको नलू, तिले जाऊन चार वर्षं झाली. सून दीपा अन् नात मैत्रेयी नागपूरले राह्यतात, पोरीच्या शिक्षणासाठी. मी बी गेलतो तिकडं राहाले. आठ दिवस राह्यलो. पोरगी क्लासले, सून तिच्या मागं, अन् मी तिसऱ्या मजल्यावर बंद दाराआड. वापस आलो. इथं निदान दार उघडं राह्यते. पण उघड्या दारातून येणारं बी कोणी पाह्यजे नं? सकाळी दोन भाकरी थापतो, एक सकाळी खातो, एक संध्याकाळी. टीव्ही लावून ठेवतो म्हणजे घरात आवाज राह्यते. मले एकटं वाटते. घ्या, सांगून टाकलं. म्हाताऱ्या माणसानं असं म्हणाव नाही म्हणतात, पण वाटते तं वाटते.

रविवारी त्याचा फोन येई. तेवढ्यासाठी मी सोमवारपासून वाट पाहो. अन् फोन आला का काय? "जेवले का बाबा?" "जेवलो. तू?" "जेवलो." झालं. मी विचारलं, कुठं आहे तू, तं म्हणे, "सांगता येत नाही बाबा, कंपनीचा नियम आहे." कोणतं जहाज? "नाही सांगता येत." कोण्या दिवशी वापस येतं? "पाहू."

गेल्या साली त्याले प्रवासी जहाजावरची ड्युटी भेटू लागली. म्हणजे माल नाही, माणसं. सहाशे-सातशे गोरे म्हातारे-म्हाताऱ्या, दुनिया पाहाले निघालेल्या. या जहाजावर राखणदाराईले वर्दी नसते. साधा शर्ट, साधा पँट. बंदूक कोणाले दिसली नाही पाह्यजे, कारण प्रवासी घाबरतात. वर नाचगाणं चालू राह्यते, अन् हे चौघं जहाजाच्या मागच्या टोकाले आळीपाळीनं पाण्याकडं पाहत बसतात. चार तास ड्युटी, आठ तास सुट्टी, पुन्हा चार तास. संघदीपची वेळ चार ते आठ, पहाटेची बी अन् संध्याकाळची बी. तिघाईच्या वेळा वेगळ्या, चौथा टीमचा मुखिया, तं जेवाले बी संगं बसता येत नाही. एकदा एका मडमेनं त्याले पोहण्याच्या टाक्यावरचा पोट्टा समजून टॉवेल मांगला. त्यानं आणून देल्ला.

"टॉवेल देल्ला? तू? हवालदार?" मी फोनवरच तापलो.

"मंग काय सांगू तिले बाबा? का मी तुमच्यासाठी बंदूक घेऊन उभा आहो म्हणून?" तो हसला. मले काही हसू आलं नाही.

एप्रिलच्या सुरुवातीले तो असाच सुट्टी संपवून गेला. पुढच्या रविवारी श्रीलंकेतून फोन आला, जहाजाची वाट पाहून राह्यलो म्हणे. मी त्या दिवशी तापात होतो. दोन दिवस भाकर थापली नव्हती, बिस्किटावर होतो. हे त्याले सांगतलं नाही. पण त्यानं जेव्हा पुन्हा "सांगता येत नाही बाबा" म्हणलं, तेव्हा माहं डोकं फिरलं.

"तं फोन लावू नोको," मी म्हणलं. "बापाले आपला लेक दुनियेत कुठं आहे हे बी माहीत नाही राह्यलं पाह्यजे? मी मेलो तं तुले कुठं कळवाव, समुद्राले चिठ्ठी लिहाव का? नोको लावू फोन. मी असाच बरा आहो."

 मंग तो हळूच म्हणाला, "ब्लू कॅरोलिना." म्हणाला, "बुधवारी निघते. आफ्रिकेत, मोंबासाले जाते. आम्ही चौघं आहो. बाबा, कोणाले सांगू नोका."

"कायले सांगतो कोणाले?" मी म्हणलं, अन् ताप असून बी उठून ज्वारीचं पीठ काढलं. मैत्रेयीचं जुनं नकाशाचं पुस्तक घरात होतं, त्यात मोंबासा शोधून काढलं. मोंबासावर बोट ठेवलं अन् श्रीलंकेवर बोट ठेवलं. मधात सगळं निळं. त्या निळ्यात कुठंतरी माहा लेक आहे, हे समजलं. खरं सांगतो, चार वर्षात मी इतकं पोटभर जेवलो नव्हतो.

आता खरं तं इथंच थांबाले पाह्यजे होतं.

गुरुवारी मी जिनिंगसमोरच्या टपरीवर चहा प्याले गेलो. तिथं नानाजी बसला होता. त्याचं वावर आहे कापसाचं, जिनिंगमधी गाडी घेऊन येई, तव्हापासूनची ओळख. तो सगळ्या टपरीसमोर म्हणते, "काय गा उकंडा, तुहा पोरगा बोटीवर वॉचमन आहे म्हणे?"

वॉचमन! पुन्हा तोच शब्द.

मी अर्धा चहा तसाच ठेवला अन् सरळ रोशनच्या दुकानात गेलो. रोशनचं फ्लेक्सचं दुकान बस स्टँडच्या बाजूले आहे. चौदा एप्रिल चार दिवसावर आलती, तिथं हीऽऽ गर्दी. ज्याले पाहा तो जयंतीच्या शुभेच्छाचा फ्लेक्स बनवून राह्यला होता, सतरा-सतरा जणाचे फोटो, गॉगल लावून. मी म्हणलं, रोशन, इकडं ये. या गर्दीत ज्याईनं काही केलं नाही त्याईचे फ्लेक्स लागतात, तं माह्या लेकानं काय घोडं मारलं?

असा दहा बाय आठचा फ्लेक्स झाला. एका बाजूले बाबासाहेब. एका बाजूले संघदीप वर्दीत, हातात बंदूक, फौजेतला जुना फोटो. मधात रोशननं इंटरनेटवरून एक पांढरं जहाज काढून टाकलं, अन् जहाजासमोर पाण्यातून निघणारा एक वाघ. वाघ मी सांगतला नव्हता, तो रोशनच्या मनानं आला. खाली मोठ्या अक्षरात मजकूर, माहा:

"दिग्रसचा ढाण्या वाघ, माजी हवालदार संघदीप उकंडा मनवर हे तीन बंदूकधारी जवानांसह 'ब्लू कॅरोलिना' या प्रवासी जहाजाच्या संरक्षणासाठी श्रीलंकेहून मोंबासाकडे रवाना! समुद्री लुटारूंनो सावधान! शुभेच्छुक : उकंडा मनवर व समस्त मित्रपरिवार."

मित्रपरिवार कोणता? कोणीच नाही. पण तसं लिहाव लागते.

बस स्टँडच्या गेटवर फ्लेक्स चढला. पुसदची गाडी, यवतमाळची गाडी, सगळे उतरणारे पाहत. मी तिथं बाकड्यावर दोन तास बसलो. एक बाई तिच्या पोराले वाचून दाखवून राह्यली होती, "पाह्य, आपल्या गावचा माणूस आहे." मले वाटलं, नलू असती तं तिनं हळद-कुंकवावाल्या बायकाईसारखी घरोघरी जाऊन बोलावून आणली असती लोकं. रोशननं फ्लेक्सचा फोटो फेसबुकवर टाकला. दोन दिवसात आठशे लाइक. माजी सैनिकाईच्या ग्रुपमधी गेला. तिथून कंपनीतल्या कोण्या साहेबाच्या मोबाइलात गेला.

तुम्हाले समजलं असन. मले नव्हतं समजलं. जहाजाचं नाव, निघाचं ठिकाण, जाचं ठिकाण, अन् राखणदार किती, हे सगळं मी रंगीत छापून, वाघासकट, दुनियेले सांगतलं होतं. घरातल्या तिजोरीची किल्ली कुठं ठेवली हे दारावर लिहून ठेवाव, तसं.

जहाजाले काही झालं नाही. कप्तानानं रस्ता बदलला, लांबून फिरवून नेलं. प्रवाश्याईले पत्ता बी लागला नाही. पण संघदीपची बंदूक त्याच दिवशी काढून घेतली. पाच दिवस त्याले एका खोलीत बसवून ठेवलं, अन् मोंबासाले उतरवून विमानानं घरी पाठवलं. बाकी तिघं त्याच्याशी बोलत नव्हते म्हणे. काहून बोलतीन? त्याईच्या जिवाशी खेळ झालता.

तो बस स्टँडवर उतरला तव्हा फ्लेक्स तसाच होता. त्यानं बॅग खाली ठेवली, फ्लेक्स पुरा वाचला, अन् रोशनच्या दुकानातून शिडी आणून स्वतःच खाली काढला. मी समोर उभा होतो. मले वाटलं आता चार लोकात बोलते मले. बोलला असता तं बरं झालं असतं. त्यानं फ्लेक्सची गुंडाळी केली, खांद्यावर घेतली अन् म्हणाला, "चला बाबा, घरी."

कंपनीनं त्याले लेखी उत्तर मांगलं होतं. एकच प्रश्न, घरच्याईले माहिती कोणी देल्ली? त्यानं स्वतः सांगतली असन तं त्याचं नाव कायमचं कटणार. याच कंपनीत नाही, कोण्याच कंपनीत नाही, सगळ्याईची यादी एकच राह्यते म्हणे. तो कागद समोर घेऊन तीन दिवस बसला. लिहिलं काहीच नाही. मले एवढंच म्हणाला, "तुम्हाले कोणी विचारलं तं जे खरं आहे ते सांगा. माह्यासाठी खोटं बोलू नोका. माहीच चूक आहे, मी सांगाले नव्हतं पाह्यजे."

अन् आता माह्या पोटातलं सांगतो, कोणाले सांगतलं नाही ते. मले बरं वाटून राह्यलं होतं.

घरात दोन ताटं लागत होती. सकाळी मोरीत पाण्याचा आवाज येई, अन् तो माह्या हातचा नसे. मी वांग्याची भाजी केली, तिखट झाली, त्यानं नाक वढत खाल्ली, दोघं बी हसलो. दीपाचा फोन आला, म्हणाली, "बाबा, ह्याईची नोकरी गेली तं नागपूरचं घर सोडाव लागन. आम्ही तिकडंच येतो." म्हणजे चार ताटं. संघदीप म्हणाला, भरतीवाल्या पोट्ट्याईले पळवाचं, कवायत शिकवाची, असं मैदान इथंच काढतो. त्यानं हे फरशीकडं पाहून सांगतलं. मी म्हणलं, "काढ नं, जागा पाहून देतो." मले काय, मी उद्याच पाहून देल्ली असती. माहं घर भरत होतं, अन् मले त्यासाठी काहीच कराचं नव्हतं. फक्त खरं बोलाचं होतं.

पण दोन गोष्टी झाल्या. एक, मैत्रेयीनं तिच्या मायच्या हातातून फोन घेतला अन् विचारलं, "आजोबा, दिग्रसले बारावीचे चांगले क्लास आहेत का हो?" रडली नाही, काही नाही. नुसतं विचारलं. मी म्हणलं, आहेत नं, अन् मले एका बी क्लासचं नाव माहीत नव्हतं.

दुसरी म्हणजे, संध्याकाळचे चार वाजले का संघदीप स्लॅबवर जाई. पहिल्या दिवशी वाटलं, हवा खाले गेला. दुसऱ्या दिवशी मी मागून गेलो. तो कठड्याजवळ उभा होता, पाय फाकवून, हात मागं. समोर काय तं जिनिंगचं टिनाचं छप्पर, कापसाच्या गाड्या, अन् पलीकडं तुरीचं रिकामं वावर. तो डावीकडून उजवीकडं हळूहळू पाहे, उजवीकडून डावीकडं पाहे. ऊन उतरलं, पाखरं गेली, तो हलला नाही. बरोबर आठ वाजता खाली आला अन् जेवाले बसला. मी विचारलं, "काय पाहत होतं गा?" म्हणाला, "काही नाही बाबा, सवय." तो तिथं नव्हताच. माह्या घरात त्याचं ताट होतं, बॅग होती, चप्पल होती, अन् तो नव्हता. मी बँकेच्या दारातला संघदीप पुन्हा पाह्यला, अन् या वेळी त्याले तिथं उभं करणारा मी होतो.

चौथ्या दिवशी सकाळी तो केस कापाले गेलता, तव्हा माहा मोबाइल वाजला. मुंबईचा नंबर. कंपनीच्या कागदावर घरचा माणूस म्हणून माहाच नंबर होता. बोलणारे कोणी कमांडर साहेब होते, नौदलातून निवृत्त झालेले. शुद्ध मराठी, आवाज एकदम शांत. मले काका म्हणाले.

"काका, तो फलक तुम्ही लावला?"

"हो साहेब. मीच."

"जहाजाचं नाव, मार्ग, माणसांची संख्या. हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी दर रविवारी विहारात वंदना घेतो. पंचशील मी म्हणतो, मागून सगळे म्हणतात. चौथं शील खोटं नाही बोलाचं. तीस वर्षं झाली, जिनिंगमधी मुकादम बाराचे चौदा बोजे लिहाले सांगे, मी लिहिले नाही, त्यापायी दोनदा कामावरून बसलो. असा मी माणूस. अन् या वेळी तं खरं बोलल्यानं माहंच भलं होतं. लेक घरी, सून घरी, नात घरी, अन् शील बी शाबूत. असं कधी होते का कोणाचं?

"चोरून पाह्यलं साहेब," मी म्हणलं. "त्याच्या बॅगेत कागद होते. बॅगेले कुलूप होतं. तो आंघोळीले गेलता तव्हा मी पेचकसानं कुलूप तोडलं. त्याले काहीच माहीत नाही."

एकाच फोनमधी खोट्याचं शील मोडलं, अन् न केलेली चोरी बी अंगावर घेतली.

"कधीची गोष्ट ही?"

"होळीले आलता तव्हा."

तिकडं कागद उलटल्याचा आवाज आला. साहेब म्हणाले, "काका, या जहाजाचा हुकूम एकोणतीस मार्चला निघाला. होळी त्याच्या आधी झाली."

 पकडल्या गेलो.  वाटलं, आता लेकाची नोकरी तं गेलीच, वरून बाप खोटारडा म्हणून लिहिल्या जाईन.

साहेबानं आणखी एक कागद उलटला. मंग म्हणाले, "संघदीप घरून तीन एप्रिलला निघाला. तुम्ही बॅग उघडली ती आदल्या दिवशी असेल. दोन एप्रिलला."

मले समजाले जरा वेळ लागला. त्या माणसानं माहं खोटं ओळखलं होतं, अन् दुरुस्त करून माह्या हातात देल्लं होतं.

"हो साहेब," मी म्हणलं. "आदल्याच दिवशी. दोन एप्रिल."

"ठीक. मी तसं लिहितो. त्याला आणखी एक संधी मिळेल. पण काका, नीट ऐका. यापुढे तुमच्या घरी काही कळता कामा नये. जहाज नाही, तारीख नाही, बंदर नाही. पुन्हा झालं तर मीही काही करू शकणार नाही. आणि त्या जहाजावर माणसं असतात, काका."

"समजलं साहेब," मी म्हणलं, अन् खरंच समजलं होतं.

फोन ठेवला अन् ध्यानात आलं का संघदीपच्या बॅगेले कुलूपच नाही. धावत बजारात गेलो, हार्डवेअरमधून बारकं पितळी कुलूप आणलं, त्याच्या बॅगेच्या चेनले लावलं अन् पेचकसानं तोडाले लागलो. ते काही तुटेना! अस्सल माल देल्ला होता दुकानदारानं. शेवटी हातोडी घेतली. तेवढ्यात तो केस कापून दारात उभा.

"बाबा, हे काय करून राह्यले?"

"कुलूप तोडून राह्यलो."

"कोणाचं?"

"तुह्या बॅगेचं. दोन एप्रिलले तोडलं होतं, आता तोडून राह्यलो. खोटं बोलाचं तं नीट बोलाव माणसानं."

मंग त्याले सगळं सांगतलं. तो उंबऱ्यावरच बसला. इतका मोठा माणूस, डोक्याचे केस अर्धे पांढरे झाले, अन् दोन्ही हातात तोंड धरून लहान पोरासारखा रडला. म्हणाला, "मी राहाले तयार होतो बाबा."

"माहीत आहे मले," मी म्हणलं. "तयार होता. खूश नव्हता."

"अन् तुम्ही?"

"मी काय? माहा टीव्ही आहे." 

मे महिन्याच्या शेवटी कंपनीचं बोलावणं आलं. मी त्याले बस स्टँडवर सोडाले गेलो. यवतमाळच्या गाडीत तो खिडकीजवळ बसला. या वेळी मी विचारलं नाही का कुठं जातं, अन् त्यानं बी सांगतलं नाही. गाडी निघाली, मी हात हलवला, घरी आलो. दोन भाकरी थापल्या. दुसरी भाकर आता पुन्हा माहीच, ती संध्याकाळसाठी झाकून ठेवली.

फोन अजून बी रविवारी येते. काल-परवाचंच सांगतो. संध्याकाळचे आठ वाजून पाच मिनिटं झालते.

"जेवले का बाबा?"

"जेवलो. तू?"

"हाव."

"काय होतं?"

"भात अन् मासोळी."

"बरं."

 पहिले मी याच्यापुढं कुठं-कधी-केव्हा विचारो, तो नाही म्हणे, मी तापो, अन् त्या भांडणात दोन-चार मिनिटं तरी जात. आता भांडाले बी काही राह्यलं नाही. तो फोन धरून होता, मी धरून होतो. त्याच्याकडून पाण्याचा अन् इंजिनचा आवाज येऊन राह्यला होता. मले वाटते त्याले बी एकटं वाटत असन, म्हणून तो आपल्या मनानं बोलाले लागला.

"बाबा, इथं आता सूर्य बुडून राह्यला. असा लाल झाला आहे नं, अन् पाण्यावर—"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाह्यलं. आमचा सूर्य सातलेच बुडला होता. त्याचा आता बुडून राह्यला. म्हणजे तो आमच्यापासून सूर्याच्या हिशेबानं एक तास मागं, पश्चिमेले, अन् नकाशाचं पुस्तक समोरच पडलं होतं. माहा हात तिकडं गेला बी. कोणीही हिशेब करून त्या निळ्यात त्याच्यावर बोट ठेवलं असतं. मी बी ठेवलं असतं.

"संघदीप," मी जोरात म्हणलं, "चूप बैस. मले काही सांगू नोको."

"बाबा, सूर्यच तं सांगून राह्यलो."

"सूर्य बी नोको सांगू."

तो थांबला. "बरं बाबा," म्हणाला. त्याच्या आवाजावरून समजत होतं का तो अजून तिकडंच पाहून राह्यला आहे. नेटवर्क चांगलं होतं, फोन कटत नव्हता, तं मंग मीच ठेवला.